लेथवर प्लास्टिक टर्निंग: आधी फीड ठरवा, मग स्पीड

स्टीलवर हात बसलेला टर्नर पहिल्यांदा नायलॉनचा किंवा डेलरिनचा (म्हणजे एसीटलचा) बार चकात धरतो, तेव्हा बहुधा एकच चूक करतो. माल मऊ आहे, जपून घ्यावं, म्हणून फीड, म्हणजे एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर, अगदी बारीक लावतो. मग जॉबवर फिनिश येण्याऐवजी लिंपल्यासारखा थर येतो, टूलच्या टोकावर वितळलेला गोळा बसतो आणि चकात बरोबर भरलेलं माप तासाभराने कमी भरतं. स्पीड जास्त झालं असं म्हणून स्पीड उतरवलं जातं. फीड तसंच राहतं, त्यामुळे दुखणंही तसंच राहतं.

प्लास्टिक कापायला ताकद फारशी लागत नाही. मोटर दमत नाही, टूल मोडत नाही. सगळा हिशेब उष्णतेचा आहे. साध्या स्टीलची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे ५० वॉटच्या आसपास असते, ॲल्युमिनियमची त्याच्या चौपट. एसीटल, नायलॉन, टेफ्लॉन यांची मात्र ०.२ ते ०.४. म्हणजे कटच्या जागी तयार झालेली उष्णता जॉबच्या पोटात पसरत नाही, वरच्या थरातच साचते. तिला बाहेर पडायला मोठी वाट एकच, ती म्हणजे चिप. जाड चिप उष्णता सोबत घेऊन पडते. केसासारखी चिप काही नेत नाही, आणि तेवढाच माल काढायला टूलला जॉबवरून कितीतरी जास्त फिरावं लागतं.

४५ मिमी व्यासाच्या बारवर ३० मिमी लांबीपर्यंत, रेडियसवर २ मिमीचा कट घ्यायचा आहे असं समजा. फीड फेऱ्यामागे ०.२५ मिमी ठेवलं तर जॉब १२० फेरे फिरतो आणि धार सुमारे १६ मीटर कापते. फीड ०.०५ केलं तर ६०० फेरे आणि ८१ मीटर. माल तेवढाच निघाला, घासाघीस मात्र पाचपट झाली. म्हणून प्लास्टिकमध्ये क्रम उलटा धरावा: आधी धार, मग फीड, आणि सगळ्यात शेवटी स्पीड.

माल कोणता आहे ते नक्की करा

पांढरा बार म्हणजे नायलॉन, असं धरून चालू नका. नायलॉन, एसीटल, एचडीपीई (पॉलिथिलीनचा एक प्रकार), टेफ्लॉन, सगळे पांढरे मिळतात आणि सगळ्यांचं वागणं वेगळं असतं. वजन हा सोपा पुरावा आहे. ५० मिमी व्यासाचा, १०० मिमी लांब तुकडा नायलॉनचा असेल तर साधारण २२५ ग्रॅम भरतो आणि एसीटलचा २७५ ग्रॅमच्या पुढे. टेफ्लॉन हाताला चटकन जड लागतं, त्याची घनता २.२ च्या आसपास आहे. पाण्यावर तरंगला तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन.

मग तापमानाकडे बघा. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं, एसीटल १६५ ते १७५, नायलॉन-६ सुमारे २२०, नायलॉन-६६ सुमारे २६०, पीक (पीईईके हे प्लास्टिक) ३४३. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट यांना असा ठरलेला वितळबिंदू नाही, ते हळूहळू मऊ पडतात: ॲक्रिलिक १०५ च्या सुमारास, पॉलिकार्बोनेट १५० च्या सुमारास. कडक पीव्हीसी तर ८० लाच ढिलं पडायला लागतं. ही मऊ पडण्याची हद्द जितकी खाली, तितकी धार बोथट झाल्याची शिक्षा लवकर मिळते.

धार

स्टीलच्या कामाची कार्बाइड टिप प्लास्टिकला लावू नका, नवीन असली तरी. त्या टिपेची धार मुद्दाम थोडी गोल केलेली असते, म्हणजे स्टीलच्या दाबाने ती तुटू नये. ही गोलाई काही शतांश मिमी असते आणि तिच्यापेक्षा पातळ चिप कापलीच जात नाही. माल धारेखाली दबतो, पुढे जातो आणि मागे पुन्हा फुगतो. वर कोटिंगची जाडी येते ती वेगळीच.

प्लास्टिकला दोनच टूल योग्य. एक, ॲल्युमिनियमसाठी मिळणारी ग्राइंड करून पॉलिश केलेली, बिनकोटिंगची कार्बाइड टिप. दुसरं, हाताने घासून ऑइलस्टोनवर फिरवलेला एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा) टूल बिट. छोट्या कामाला एचएसएस कुठेही कमी पडत नाही, उलट त्याची धार जास्त तीक्ष्ण करता येते. अपवाद काच किंवा कार्बन भरलेल्या मालाचा. ३० टक्के काच असलेलं नायलॉन एचएसएसची धार काही मिनिटांत खाऊन टाकतं, तिथे कार्बाइडच हवं.

कोन असे ठेवा: पुढचा आणि बाजूचा क्लिअरन्स (धारेखालचा मोकळा कोन) १० ते १५ अंश, म्हणजे स्टीलपेक्षा बराच जास्त, कारण दबलेला माल कटनंतर वर येतो आणि टूलच्या टाचेला घासतो. टॉप रेक (चिप जिथून सरकते त्या वरच्या बाजूचा उतार) नायलॉन, पॉलिथिलीन, टेफ्लॉनला १० ते १५ अंश, एसीटलला ५ ते १०, ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला ० ते ५. ठिसूळ मालात रेक जास्त दिला तर टूल ओढून घेतं आणि कपच्या उडतात. नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) ०.४ मिमी. ०.८ चं टूल फिनिश छान देईल असं वाटतं, पण ते जॉबला बाजूला ढकलतं, आणि बारीक जॉब वाकतो.

धार तपासायला नखाचा उपयोग करा. टूल नखावर तिरकं टेकवलं की न घसरता रुतायला हवं. घसरलं तर आधी धार लावा. या एका गोष्टीला पर्याय नाही. धार गेलेली असेल तर पुढचे सगळे आकडे निरुपयोगी आहेत.

टूलची उंची अचूक सेंटरला घ्या. वर गेलं तर टाच घासते, खाली गेलं तर फेसिंगच्या शेवटी मध्यभागी बोंडूक उरतं आणि बारीक जॉब टूलवर चढतो.

फीड

बहुतेक मालाला रफिंगसाठी फेऱ्यामागे ०.२ ते ०.३५ मिमी, फिनिशिंगसाठी ०.०८ ते ०.१५. ०.०५ च्या खाली जायचं कारण जवळपास कधीच येत नाही.

फिनिशचं गणित असं आहे: पृष्ठभागावर उरणाऱ्या खाचांची उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसच्या आठपट. ०.४ चा रेडियस आणि ०.१ फीड असेल तर खाच सुमारे ३ मायक्रॉन येते. ०.२ ला ती १२ मायक्रॉनच्या पुढे जाते, नखाला जाणवेल इतकी. ०.०५ ला कागदावर एका मायक्रॉनच्याही खाली उतरते, पण प्रत्यक्षात तसं होत नाही. तिथे टूल कापायचं सोडून चोळायला लागतं आणि फिनिश ०.१ पेक्षा वाईट येतं. त्यामुळे फिनिशला ०.१ धरा आणि बाकीचं काम धारेवर सोपवा.

हाताने फीड देत असाल तर आरपीएमवरून वेग काढा. १२०० आरपीएमला ०.२५ फीड म्हणजे मिनिटाला ३०० मिमी, सेकंदाला ५ मिमी. हाताला हा वेग सुरुवातीला धसमुसळा वाटतो. पण टूल एका जागी थांबवणं सगळ्यात वाईट. कट संपला की टूल लगेच मागे घ्या. शोल्डरला टेकवून विचार करत राहिलात तर तिथे गोल चकचकीत पट्टा येतो आणि तो भाग फुगतो. शक्य तिथे ऑटो फीडच वापरा.

स्पीड

आरपीएम काढायचं सूत्र स्टीलसाठी असतं तेच: ३१८ गुणिले कटिंग स्पीड मीटर प्रति मिनिट, भागिले व्यास मिमीत. ५० मिमीचा एसीटल बार, कटिंग स्पीड २०० धरलं तर १२७२ आरपीएम. मशिनवर तेवढं नसेल तर खालच्या पायरीवर या.

धारदार एचएसएस किंवा पॉलिश कार्बाइड टिप, कोरडा कट आणि हवेचा झोत असताना सुरुवातीला हे आकडे घ्या. स्पीड मीटर प्रति मिनिट, फीड मिमी प्रति फेरा:

| माल | स्पीड | रफ फीड | फिनिश फीड |
|---|---|---|---|
| एसीटल | १५०–३०० | ०.२–०.३५ | ०.०८–०.१५ |
| नायलॉन | १५०–२५० | ०.२–०.३५ | ०.०८–०.१५ |
| एचडीपीई, यूएचएमडब्ल्यू (दोन्ही पॉलिथिलीन) | १५०–३०० | ०.२५–०.४ | ०.१–०.२ |
| टेफ्लॉन | १००–२०० | ०.१५–०.३ | ०.०५–०.१५ |
| कडक पीव्हीसी, एबीएस | १००–२०० | ०.१५–०.३ | ०.०८–०.१५ |
| पॉलिकार्बोनेट | १००–२०० | ०.१५–०.२५ | ०.०५–०.१२ |
| ॲक्रिलिक | ८०–१५० | ०.१–०.२ | ०.०५–०.१ |
| पीक | १००–२०० | ०.१५–०.३ | ०.०८–०.१५ |
| काच भरलेलं नायलॉन, फक्त कार्बाइड | ८०–१५० | ०.१५–०.३ | ०.१–०.१५ |

हे आकडे पक्क्या पकडीच्या, आखूड जॉबसाठी आहेत. उत्पादनाच्या सीएनसीवर याहून बरंच वर जाता येतं, पण साध्या लेथवर त्यातून काही मिळत नाही. छोट्या व्यासाला तर कोष्टकातलं स्पीड गाठताच येत नाही: २० मिमीच्या बारला २०० मीटर हवे असतील तर ३१८० आरपीएम लागतील. १५०० वर चालवा. ९४ मीटर मिळतील आणि काही बिघडणार नाही. कमी स्पीडने प्लास्टिक खराब होत नाही. कमी फीडने होतं.

आरपीएम वाढवण्याआधी दोन गोष्टी बघा. चकावर कोरलेली कमाल आरपीएम ओलांडायची नाही. आणि स्पिंडलच्या मागून बार बाहेर डोकावत असेल तर तो आधी कापा. स्टीलचा बार जिथे सरळ फिरतो तिथे प्लास्टिकचा बार वेगाने फिरताना बाहेर फेकला जाऊन काटकोनात वळतो आणि चाबकासारखा आपटतो. सीएनसीवर फेसिंगला जी९६ (व्यासाप्रमाणे आरपीएम बदलणारा कोड) लावताना जी५० ने कमाल आरपीएम बांधून घ्या. काही कंट्रोलवर त्यासाठी जी९२ असतो.

तीन पट्ट्यांची चाचणी

नवीन माल आला की जॉब सुरू करण्याआधी टाकाऊ तुकड्यावर पाच मिनिटं घालवा. स्पीड कोष्टकाच्या मध्यावर, कट रेडियसवर १ मिमी. स्पीड न बदलता शेजारी शेजारी १० मिमीचे तीन पट्टे मारा: फीड ०.१, ०.२, ०.३. प्रत्येक पट्ट्यानंतर मशिन थांबवा, चिप हातात घ्या आणि टूलच्या टोकाला बोट लावा.

बरोबर फीडची चिप कोमट असते, चुरगाळली तर सुटी राहते, तिच्या कडा स्वच्छ असतात. चुकीच्या फीडची चिप गरम लागते, एकमेकीला चिकटते, कडेला पिसासारखे धागे दिसतात. टूलचं टोक चटका देत असेल तर धार गेली आहे किंवा क्लिअरन्स कमी आहे. ज्या पट्ट्यात चिप सुटी आणि टोक जेमतेम कोमट, ते फीड घ्या. आता ते फीड बांधून स्पीड एकेक पायरी चढवा. चिप गरम व्हायला लागली किंवा जॉब थरथरला की एक पायरी खाली या. झालं तुमचं स्पीड.

कटची खोली

रफिंगला रेडियसवर १.५ ते ३ मिमी सहज जातं. फिनिशला मात्र ०.२५ ते ०.५ मिमी राखून ठेवा. स्टीलप्रमाणे शेवटी ०.०५ चा कट मारून माप गाठायचा प्रयत्न केला, तर कधी टूल काही काढत नाही आणि कधी एकदम जास्त काढतं.

कारण लवचिकपणा. स्टीलपेक्षा एसीटल आणि नायलॉन साठ-सत्तर पट जास्त वाकतं. टेफ्लॉन त्याहून कितीतरी जास्त. टूलच्या दाबाने जॉब थोडा मागे सरतोच. तो किती सरतो हे चिपच्या जाडीवर अवलंबून असतं. म्हणून शेवटचे दोन कट सारखेच घ्या. व्यासावर १ मिमी उरलं की रेडियसवर ०.२५ चा एक कट, माप घ्या, आणि पुन्हा तितकाच ०.२५ चा कट. पहिला कट ०.०३ ने कमी निघाला असेल तर दुसराही जवळपास तितकाच कमी निघेल. तेवढं डायलवर आधीच जोडून घ्या.

पकड

तीन जॉचा चक घट्ट आवळला की पातळ बुश आतून तिकोनी होतो. बोअर (आतलं भोक) अगदी गोल मारलात तरी चक सोडल्यावर तो उलटा तिकोनी होऊन बसतो. उपाय म्हणजे जॉबच्या व्यासाला बोअर केलेले सॉफ्ट जॉ, एका जागी चिरलेली रिंग, किंवा कॉलेट. काहीच नसेल तर रफिंग पूर्ण पकडीवर करा, मग चक ढिला करून हलक्या पकडीवर फिनिश मारा. कट हलकाच असतो, जॉब घसरत नाही.

चकाबाहेर व्यासाच्या दुप्पट ते तिप्पट एवढंच ठेवा. जास्त हवं असेल तर लाइव्ह सेंटर (टेलस्टॉकमधलं, जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारं फिरतं टोक), पण त्यातही एक खोच आहे. एसीटल दर अंशाला मीटरमागे ०.११ मिमी वाढतं, म्हणजे स्टीलच्या दहापट. २०० मिमीचा बार २० अंशांनी तापला तर ०.४४ मिमी लांब होतो. टेलस्टॉक घट्ट बांधलेला असेल तर ही वाढ जाणार कुठे? बार मध्ये फुगतो आणि टूल तिथे जास्त कापतं. थंड झाल्यावर मध्ये बारीक, टोकांना जाड. सेंटरचा दाब बोटाने फिरवता येईल इतकाच ठेवा आणि दर एक-दोन पासनंतर सैल करून पुन्हा लावा.

थंड कशाने करायचं

बहुतेक कामाला कोरडी हवा पुरते. झोत टूलच्या टोकावर हवा, जॉबवर नव्हे. तो चिपही बाजूला सारतो. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला तेल, डिझेल, थिनर यांचा थेंबही लावू नका. कटमध्ये ताण साठलेला असतो, त्यावर असं काही पडलं की आत केसासारख्या भेगा धरतात, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. साधं पाणी चालतं. नायलॉन पाणी पितं, नायलॉन-६ तर पूर्ण भिजल्यावर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास. तिथे हवाच बरी.

एक जॉब सुरुवातीपासून

एसीटलचा बुश: बाहेरचा व्यास ४० मिमी, बोअर २५, लांबी ३०. बार ४५ मिमीचा. मशिनवर ५८०, ८४०, १२०० अशा पायऱ्या आहेत असं धरू.

१. बार ५० मिमी बाहेर ठेवून धरा. १२०० आरपीएमला ४५ मिमीवर १७० मीटर मिळतात, पुरेसे आहेत. ०.१५ फीडने फेसिंग करा. मध्याकडे जाताना स्पीड शून्याकडे उतरतं, त्यामुळे शेवटच्या ५ मिमीचं फिनिश वेगळं दिसेल. बोअर तो भाग खाणारच आहे.

२. ड्रिलिंग आधी, कारण सगळ्यात जास्त उष्णता इथेच होते. सेंटर ड्रिल, मग १२ मिमीचं ड्रिल ८४० आरपीएमला, फीड साधारण सेकंदाला ३ मिमी, म्हणजे फेऱ्यामागे ०.२. दर १० मिमीला ड्रिल पूर्ण बाहेर काढा, खाचांतली चिप उडवा. ३८ मिमी खोल जा. मग २२ मिमीचं ड्रिल ५८० आरपीएमला, तसंच. ड्रिलच्या खाचांत वितळलेली पांढरी पपडी दिसली तर तुम्ही हळू चालला आहात, जोरात नाही.

३. बाहेरचं रफिंग: १२०० आरपीएम, फीड ०.२५, रेडियसवर २ मिमी, लांबी ३५. व्यास ४१ होईल. पास सात सेकंदांचा आहे.

४. बोअरचं रफिंग: रेडियसवर १ मिमी, फीड ०.१५, व्यास २४.

५. आता थांबा. चक सैल करून अर्धा-पाऊण तास राहू द्या, किंवा ब्लोअरने दहा मिनिटं हवा मारा. प्लास्टिक वरून गार लागलं तरी आत ऊन राहतं. ३० अंश जास्त तापलेला ४० मिमीचा जॉब ०.१३ मिमी मोठा असतो; त्या अवस्थेत गाठलेलं माप फुकट जातं.

६. हलकं धरून बोअर फिनिश: ०.२५ चे दोन सारखे कट, फीड ०.१, धार पुन्हा ऑइलस्टोनवर फिरवून. मग बाहेरचे ०.२५ चे दोन कट, फीड ०.१.

७. पार्टिंग (जॉब बारपासून कापून वेगळा करणं) ५८० ला. आधी अर्ध्या खोलीपर्यंत जा, टूल काढा, दोन्ही कडांना ०.५ चं चॅम्फर (तिरकी कड) मारा, मग उरलेलं कापा. कडेचा बर (कटनंतर उरलेला कंगोरा) असा आधीच जातो, नंतर ब्लेडने खरवडावा लागत नाही. फीड ०.०५ ते ०.१, अखंड, न थांबता. पार्टिंग टूलच्या दोन्ही बाजूंना क्लिअरन्स नसेल तर खाचेची भिंत फुगून टूलला धरते आणि वितळते.

माप घेताना मायक्रोमीटर रॅचेटनेच लावा, आणि एकच क्लिक. टेफ्लॉनला तर खोलीचं तापमानही लिहून ठेवा: १९ अंशांच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते आणि आकारमान सुमारे एका टक्क्याने हलतं. गारठ्यात बरोबर बसलेला सील उबेत मोठा होतो तो यामुळे.

मोठ्या व्यासाच्या नायलॉन किंवा पीक बारला मोठं ड्रिल थेट घालू नका. बोथट ड्रिलच्या उष्णतेने आत फुगवटा आला की बार फटकन चिरतो. १२ मिमीचं पायलट, मग शक्य तितकं लवकर बोअरिंग बार. ॲक्रिलिकला साधं ड्रिल ओढून घेतं. त्याच्या कटिंग कडा ऑइलस्टोनने सपाट करून रेक शून्यावर आणा.

दोरीसारखी चिप

वर सांगितलेली १६ मीटरची चिप एकाच अखंड दोरीत निघते. ती जॉबला गुंडाळली की फिनिश घासून टाकते, चकात अडकली की फटके मारते. हाताने कधीच ओढू नका, ब्रशनेही नाही. सोपा उपाय व्हॅक्यूमचा: पाइपचं तोंड टूलपासून २०–३० मिमीवर बांधा आणि चिपचं पहिलं टोक त्यात गेलं की बाकीची आपोआप जाते.

दुसरा उपाय जुना आणि अचूक आहे. टर्निंगच्या आधी बारवर लांबीच्या दिशेने एक खाच पाडा, हॅकसॉने किंवा स्पिंडल लॉक करून टूलने. खोली रफ कटपेक्षा ०.१ मिमी कमी. दर फेऱ्याला चिप खाचेशी येऊन जवळपास तुटते आणि १३५ मिमीचे तुकडे पडतात. फिनिश कटपर्यंत खाच नाहीशी झालेली असते. ॲक्रिलिकला हे करू नका, खाचेच्या कडेला कपच्या निघतात.

काय बिघडतं आणि का

पृष्ठभाग लिंपल्यासारखा, टूलवर गोळा: धार बघा, मग फीड दीडपट करा. स्पीडला हात त्यानंतर.

नायलॉन किंवा यूएचएमडब्ल्यूवर केसाळ लव: धार बोथट, किंवा रेक कमी. या मालात चाकूसारखी धारच चालते, आकडे बदलून लव जात नाही.

ॲक्रिलिकच्या आत चंदेरी भेगा: उष्णतेचा ताण किंवा चुकीचं द्रव. फीड ठेवा, स्पीड तिसऱ्या हिश्श्याने कमी करा, आणि महत्त्वाचा जॉब असेल तर ८० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवून ओव्हनमध्येच हळूहळू गार होऊ द्या.

थरथर, जॉबवर मासोळीसारखी नक्षी: जॉब जास्त बाहेर आहे किंवा नोज रेडियस मोठा आहे. आरपीएम उतरवा, फीड किंचित वाढवा. फीड कमी केलं तर थरथर वाढते.

टेलस्टॉककडे जाड, चकाकडे बारीक: मशिनचं अलाइनमेंट ठीक असेल तर जॉब टूलपासून पळतो आहे. आधार द्या किंवा शेवटचे कट सारखे करा.

दुसऱ्या दिवशी बोअर अंडाकृती: बारमध्ये आधीचा ताण होता. पुढच्या वेळी रफिंगनंतर व्यासावर १ ते १.५ मिमी राखून जॉब रात्रभर मोकळा ठेवा आणि फिनिश सकाळी मारा.

धूर आणि आग

नीट कटमध्ये वास येतच नाही. वास आला म्हणजे माल जळतो आहे, तेव्हा मशिन थांबवा. एसीटल जळलं की फॉर्माल्डिहाइड सुटतं, डोळे झोंबतात. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतं, ते फुप्फुसांना वाईट आणि लेथच्या बेडला गंज आणणारं. टेफ्लॉनच्या धुराने तापासारखी कणकण येते. त्याच्या कामावर हात धुतल्याशिवाय विडी-सिगारेटला हात लावू नका, तंबाखूत गेलेला कण जळतो तेव्हा तेच वायू सुटतात. काच भरलेल्या मालाला मास्क आणि व्यवस्थित धूळ ओढणारी यंत्रणा लागते.

चिपचा ढीग मशिनखाली साठवू नका. हवा खेळती असलेली सुटी प्लास्टिक चिप ठिणगीने पेटते, आणि एसीटलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात दिसत नाही. त्याच लेथवर ग्राइंडिंग करायचं असेल तर आधी ट्रे पूर्ण रिकामा करा.